सरांनी भूप गायला, पोरीने मालकंस सांगितला (संगीताच्या प्रवेश परीक्षेची तयारी)

संत्राबर्फी | ९ जून, रात्री ११:४०

नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते, संगीत विभागात पहिल्यांदाच लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक यंदा बारावी झाली. आठव्या वर्षापासून लक्ष्मीनगरातल्या एका बाईंकडे गाणं शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झाली, प्रथम श्रेणीत. पुढे बीपीए (बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स) करायचं तिनेच ठरवलंय, आम्ही विरोध केला नाही (तिच्या बाबांनी दोन दिवस केला, मग तेही गप्प बसले).

मागच्या आठवड्यात एका संस्थेची प्रवेश चाचणी झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही. आधी लेखी होती. दहा थाट (रागांचे गट), वादी-संवादी (रागातले दोन मुख्य स्वर), झपतालाची तिगुन (तिप्पट लय) लिहा, असलं सगळं. पेपर छान गेला. मग प्रत्यक्ष गायन. यमनचा छोटा ख्याल झाला, तोही बरा झाला म्हणते. त्यानंतर परीक्षकांनी तानपुरा बंद केला, दोन मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, शाळा कोणती, घरी कोण गातं वगैरे. आणि एकदम एक ओळ आकारात (नुसत्या "आ"वर) गाऊन विचारलं. हिने सांगितलं मालकंस. ते हसले आणि म्हणाले, "भूप होता बेटा."

यादीत नाव नाही. प्रतीक्षा यादीतसुद्धा नाही. पोरगी तीन दिवस जेवली नाही नीट. भूप तिने प्रवेशिकेला केलाय हो! भूप आणि मालकंस या दोन रागांत सा सोडला तर एक स्वर सारखा नाही.

दुसऱ्या एका ठिकाणची चाचणी पाच आठवड्यांवर आहे. तर प्रश्न असा की कानाची तयारी पाच आठवड्यांत होते का? कशी करायची? की कान मुळातच असावा लागतो आणि आपण आता वाणिज्य शाखेचा फॉर्म भरावा?

---

इतवारीचा_पोट्टा | १० जून, सकाळी ७:१५

काकू, वाणिज्याचा फॉर्म भरू नका. मी भरला होता, मले इचारा.

पण हे तानपुरा बंद करून इचारणं म्हणजे काय झालं? आपल्या गाण्यात तानपुऱ्याबिगर कोणी गाते का? क्रिकेटची निवड चाचणी हाये अन् म्हणते बॅट बाजूले ठेव. परीक्षकच चुकला ना बाप्पा.

---

जुनाजाणता | १० जून, सकाळी ९:०२

प्रवेश परीक्षा, स्वरज्ञान चाचणी, मोबाईलवरचा तानपुरा. चालू द्या. वसंतराव देशपांडे याच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, तेव्हा कोणता पेपर दिला होता? गुरूने सहा महिने नुसता सा लावायला बसवलं की कान आपोआप तयार होतो. आता पाच आठवड्यांत हवाय सगळ्यांना.

---

इतवारीचा_पोट्टा | १० जून, सकाळी ९:१०

काका, सहा महिन्यांनी प्रवेशाची तारीख निघून जाईन.

---

कोमल_निषाद | १० जून, दुपारी २:३०

संत्राबर्फीताई, मी गेली बावीस वर्षं गायन शिकवतेय, त्यातली काही परीक्षक म्हणूनही गेली. घाईने काही सांगण्याआधी एक विचारते. मुलीला ती ओळ आठवतेय का? मुलांना असल्या ओळी वर्षानुवर्षं आठवतात, हे अनुभवाने सांगते. आठवत असेल तर तिला पेटी न घेता गुणगुणायला सांगा, आणि मग पेटीवर शोधून सुरुवात कुठल्या पट्टीवर होते ते लिहा. तिचा सा कुठला तेही लिहा.

---

संत्राबर्फी | १० जून, संध्याकाळी ६:२०

तिचा सा काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. ओळ तिला लख्ख आठवतेय. आत्ता पेटीवर शोधली. पांढरी एकवर सुरू झाली (वरची, म्हणजे काळी चारच्या पुढची), मग काळी दोन, मग पांढरी चार, मग काळी चार, काळी पाच, परत काळी चार, आणि उतरताना पांढरी चार, काळी दोन, पांढरी एक. बस, एवढीच.

---

कोमल_निषाद | १० जून, संध्याकाळी ७:०५

मला वाटलंच होतं. आता मुलीला जवळ बसवा आणि हे वाचून दाखवा.

काळी चार सा धरला तर ती ओळ होते: ग प ध सां रें सां, ध प ग. भूपच आहे. पण परीक्षकांनी मधल्या सा ला हातच लावला नाही, गांधारावर (ग) सुरू केलं आणि गांधारावरच संपवलं. आता त्या गांधारालाच सा म्हणून बघा. तीच ओळ, त्याच पट्ट्या: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि, कोमल ध, म, कोमल ग, सा. अक्षरशः मालकंस. एक श्रुतीही इकडची तिकडे नाही.

याला मूर्च्छना म्हणतात. भूपाचे पाच स्वर तेच ठेवायचे आणि सा सरकवायचा. रिषभाला (रे) सा केलं की मधमाद सारंग राग दिसतो, गांधाराला केलं की मालकंस, पंचमाला (प) केलं की दुर्गा, धैवताला (ध) केलं की धानी. मैफलीत मोठे गायक हे मुद्दाम करून दाखवतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

म्हणजे तुमच्या मुलीचा कान कच्चा नाही. पाचही स्वरांमधली अंतरं तिने बिनचूक ऐकली, पेटी नाही, तानपुरा नाही, एकदा ऐकून. कच्चा कान असता तर काहीतरी भलतंच सांगितलं असतं. तिच्या हातून निसटला तो फक्त सा. गप्पांच्या त्या दोन मिनिटांत.

आणि पोट्ट्या, परीक्षक नेमकं तेच तपासत होते असं मला वाटतं. गप्पा काही उगाच नव्हत्या.

---

संत्राबर्फी | १० जून, रात्री ८:१२

वाचून दाखवलं. आधी रडली, मग पेटी घेऊन अर्धा तास ते दुर्गा आणि धानी करून बघत बसली. जेवली.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मी तिला परत खोदून विचारलं. परीक्षकांनी राग विचारलाच नव्हता! "कोणते स्वर घेतले?" एवढंच विचारलं होतं. हिने सा ग म ध नि सांगितले आणि आपणहून "मालकंस आहे सर" जोडलं. मी धाग्याच्या सुरुवातीला राग विचारला असा सूर लावला, तो माझा गैरसमज.

---

इतवारीचा_पोट्टा | १० जून, रात्री ८:२०

हे आपलं नागपूरचं खास हाये. इचारलं एक तं सांगायचं तीन.

तरी माझं म्हणणं तेच. पकड (रागाची ओळखीची सुरावट) झाकून ठेवायची, सा झाकून ठेवायचा, अन् मंग ओळखा म्हणायचं. हा सापळा झाला.

---

पांढरी_चार | १० जून, रात्री १०:४५

मी पियानो शिकवते, रामदासपेठेत. आमच्याकडे कानाची परीक्षा हा वेगळा, छापील अभ्यासक्रमच असतो, म्हणून दोन शब्द.

एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा मंडळाच्या पहिल्या ग्रेडपासून मुलाला पियानोकडे पाठ करून बसलं की टाळीने लय धरावी लागते, दोनाची चाल की तीनाची ते सांगावं लागतं, वाजवलेले तुकडे लगेच गाऊन दाखवावे लागतात, आणि एकच तुकडा दोनदा वाजवून कुठे बदल केला तो पकडावा लागतो. सहाव्या ग्रेडला दोन सुरावटी एकत्र वाजतात आणि मुलाने वरची तेवढी गायची असते. शिवाय प्रात्यक्षिकाच्या सहाव्या ग्रेडला बसायचं तर आधी साधारणपणे थिअरीची पाचवी ग्रेड पास लागते. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळात पहिल्या काही ग्रेडपर्यंत सवलत आहे, चार पूरक चाचण्यांतून दोन निवडता येतात, त्यामुळे कानाला घाबरणारी मुलं तो भाग सरळ टाळतात. मग पुढे अडकतात, ते वेगळं.

सांगायचा मुद्दा हा, की आमच्याकडे परीक्षक प्रत्येक गाण्याच्या प्रश्नाआधी मूळ स्वर वाजवून देतात. प्रश्न लपवलेला असतो, जमीन नाही. त्यामुळे मी अर्धी पोट्ट्याच्या बाजूची.

आणि एक सावधगिरी. पाच आठवडे आहेत म्हणून मोबाईलवरच्या कान तयार करणाऱ्या अ‍ॅपच्या मागे लागू नका. त्यात दोन सुटे स्वर वाजतात आणि मधलं अंतर ओळखायचं असतं. खाली सा चालू नसतो. माझ्याकडे येणारा एक मुलगा त्यात शंभरात नव्वद मिळवतो आणि गाताना गांधार चढवतो. तुमच्या मुलीला अंतरं येतातच, हे आता सिद्ध झालंय. तेच आणखी घोटून काय मिळणार?

---

कोराडीवाला | ११ जून, सकाळी ६:५०

गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. वीज खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. बायको भजनाला जाते एवढाच संबंध. पण एक प्रश्न. ताई, मुलगी रियाज कुठे आणि कधी करते? कूलर चालू असतो का?

---

संत्राबर्फी | ११ जून, सकाळी ८:३०

दुपारी, कॉलेज नसतं तेव्हा. कूलरच्याच खोलीत. जूनमध्ये नागपुरात कूलर बंद ठेवून कोण बसेल? तानपुरा मोबाईलवर लावते. पण का?

---

कोराडीवाला | ११ जून, सकाळी ९:४०

सांगतो. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. मोटरच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकत्व एका आवर्तनात दोनदा ताणतं, म्हणून ती जी गुणगुण ऐकू येते ती मुख्यतः १०० हर्ट्झची. पंख्याचा, पाण्याच्या पंपाचा आवाज त्यावर वेगळा.

आता तुमची काळी चार. मुलाकडून तक्ता काढून घेतला. सर्वांत जवळची खालची काळी चार १०३.८ हर्ट्झ. पांढरी पाच ९८. म्हणजे कूलरचा सूर या दोघींच्या मध्ये पडतो, काळी चारपेक्षा थोडा उतरलेला. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर पासष्ट भाग खाली. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर नीट निघतच नाहीत, आणि कूलर तर दणकून वाजतोय. मग पोरीच्या कानात दिवसभर सा कोणाचा बसत असेल? तानपुऱ्याचा की कूलरचा?

चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं.

---

कोमल_निषाद | ११ जून, सकाळी १०:१५

कोराडीवाले काका, दंडवत! बावीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. उन्हाळी वर्गात मुलं उतरतात हे दर वर्षी बघते आणि दर वर्षी उन्हाला दोष देते.

संत्राबर्फीताई, आजच एक प्रयोग करा. कूलरच्या खोलीत तानपुऱ्यावर सा लावायला सांगा. तानपुरा बंद करा. दोन मिनिटं तिच्याशी काहीही बोला, अगदी भाजी काय करू विचारा. मग सा घ्यायला सांगा आणि ती गातेय तोवर तानपुरा परत सुरू करा. दोघांत किती फट आहे ती ऐका. नंतर तेच सकाळी, कूलर बंद ठेवून.

---

संत्राबर्फी | १२ जून, सकाळी ७:५५

केला प्रयोग. माझे हात थरथरतायत लिहिताना.

दुपारी कूलरमध्ये: पाच वेळा केलं, चार वेळा सा उतरला. दोनदा तर सरळ पांढरी पाच. तानपुरा परत सुरू झाला तेव्हा तिनेच तोंड वेडंवाकडं केलं.

आज पहाटे साडेपाचला, कूलर बंद, खिडकी उघडी: पाच वेळा केलं, एकदाच किंचित उतरला.

दुपारचा रियाज बंद. घरात सगळे पाच वाजता उठणार, असं जाहीर झालंय. बाबांनी दुसऱ्यांदा विरोध नोंदवला.

---

जुनाजाणता | १२ जून, सकाळी ९:००

पहाटेचा रियाज. आम्ही काय सांगत होतो?

---

तिहाई | १२ जून, दुपारी १:२०

तबल्याकडून कोणी बोललंच नाही, म्हणून येतो.

ताई, लेखीत झपतालाची तिगुन आली होती म्हणता. मुलीला ती हातावर टाळी-काल (टाळीची मात्रा आणि हात मोकळा सोडायची मात्रा) देत म्हणून दाखवायला सांगा. मी पैज लावतो, अडेल. झपताल दहा मात्रांचा, तिगुन पुऱ्या आवर्तनाची म्हणजे सव्वातीनच्या जरा पुढे, नेमक्या तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रांत बसते. समेवर (पहिल्या मात्रेवर) यायचं तर सातव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात उचलावी लागते. कागदावर मुलं "ऽऽधी" लिहितात, पूर्ण गुण घेतात. तोंडाने म्हणताना ते दोन अवग्रह कुठे जातात देव जाणे. परीक्षकाला ते पाहायचं असतं.

ताल ओळखायला देतात तेव्हा ठेका समेपासून सुरू होईल या भरवशावर राहू नका. मधूनच सुरू करतात. एकताल आणि चौताल दोन्ही बारा मात्रांचे, टाळ्या-काल एकाच जागी, बोल ऐकल्याशिवाय मात्रा मोजून काही उपयोग नाही. चौदा मात्रांचं तर गावच आहे: धमार, दीपचंदी, झूमरा, आडा चौताल. आणि रूपक! त्याची सम कालावर. "ती ती ना, धी ना, धी ना." ज्या मुलांना "धा आला की सम" एवढंच माहीत असतं ती तिथे हमखास घसरतात, कारण रूपकाच्या ठेक्यात धा नाहीच.

उपाय साधा आहे. रिक्षात, भाजी निवडताना, जिथे असाल तिथे हातावर टाळी-काल चालू ठेवायचा आणि तोंडाने गप्पा मारायच्या. हात चुकला की परत पहिल्यापासून. सीताबर्डीवरून धरमपेठेत येईपर्यंत माझ्याकडून गुरुजी रूपक करून घ्यायचे, आणि वाटेत मुद्दाम मला रस्ता विचारायचे.

---

मंद्र_सप्तक | १२ जून, रात्री ९:३०

मी सध्या बीपीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची नागपूरची. आमच्या वर्गात स्वरज्ञानाचा तास पहिल्या वर्षी असतो, आणि खरं सांगू का, विशारद (मध्यमाच्या पुढची परीक्षा) झालेली मुलंही तिथे पहिले दोन महिने गडबडतात. कारण सगळ्यांचं शिक्षण पेटीवर झालेलं. गुरू पेटीवर वाजवतात, आपण त्यामागे गातो. पेटी बंद झाली की आपल्याला कळतं की आपण पेटीच्या मागे धावत होतो.

ताई, तुमच्या मुलीच्या लेखीबद्दल एक सूचना. भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही स्वरलिप्या (स्वर लिहायच्या पद्धती) नीट वेगळ्या करा. स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर भातखंड्यांच्या लिपीत तो तार (वरच्या) सप्तकातला, पलुस्करांच्या लिपीत मंद्रातला (खालच्या). पलुस्कर पद्धतीत तार सप्तकाला उभी रेघ. गांधर्वच्या परीक्षा देऊन भातखंडे पद्धतीच्या जागी गेलेली मुलं इथे अख्खी ओळ दोन सप्तकं इकडची तिकडे लिहून येतात.

आणि एकाच संस्थेवर अवलंबून राहू नका. नागपूरहून खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय काही लांब नाही, १९५६ पासूनचं आहे, राजनांदगाव किंवा डोंगरगडपर्यंत रेल्वे आणि पुढे रस्ता. पुण्याचं ललित कला केंद्र आहे, बडोदा आहे, बनारस आहे. प्रत्येकाची चाचणी वेगळी, संकेतस्थळावरचं यंदाचं माहितीपत्रकच वाचा, ताईदादांच्या आठवणींवर जाऊ नका. माझ्यासुद्धा.

---

कोमल_निषाद | १३ जून, दुपारी ३:००

मंद्र_सप्तक पेटीचं बोललीच आहे तर त्याला जोडून.

पेटीचा शुद्ध गांधार आणि तानपुऱ्यातला गांधार एक नाहीत. तानपुऱ्याची खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) तार नीट मिळवली की तिच्यातून गांधार आपोआप ऐकू येतो. कोणी छेडत नाही, तार स्वतःच बोलते, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा तो. पेटीतला गांधार त्यापेक्षा चढा असतो, कोराडीवाल्यांच्या हिशेबाने शंभरातले चौदा भाग. एवढा फरक ऐकू येतो. कानाला सवय नसेल तर पहिल्या दिवशी नाही येणार.

मुलीला रोज पहाटे दहा मिनिटं गायचंच नाही, असं सांगा. तानपुरा (मोबाईलचा असेल तर चांगल्या स्पीकरला जोडून) लावून नुसतं बसायचं आणि तो गांधार शोधायचा. सापडला की त्यावर हलकेच आवाज टेकवायचा. जेव्हा आवाज त्यात विरघळल्यासारखा होईल आणि स्वतःचा ऐकू येईनासा होईल, तेव्हा बरोबर लागला. हे एकदा झालं की सा हरवणं खूप कमी होतं, कारण सा आता एकटा नसतो, त्याचं अख्खं घर कानात असतं.

मग दुसरं. तुम्ही किंवा बाबा कोणत्याही स्वरावर एखादी साधी ओळ "आ" मध्ये म्हणा, बेसूर झाली तरी चालेल. तिने आधी आपला सा मनात घ्यायचा, तो हळूच गुणगुणायचा, आणि मगच स्वर सांगायचे. उत्तर देण्याआधी सा. ही सवय लागली पाहिजे. आणि रागाचं नाव विचारल्याशिवाय सांगायचं नाही!

भूपावरून आठवलं. देशकार करून घ्या तिच्याकडून. तेच पाच स्वर, पण भूप कल्याण थाटातला, वादी गांधार, आणि देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत. लेखीत हे सगळे लिहितात. गाऊन दाखव म्हटलं की दोन्ही भूपच होतात. परीक्षकांचा लाडका प्रश्न आहे हा, माझाही होता. तसेच मारवा आणि पूरिया: पंचम दोघांतही नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. पण मारव्यात सगळा जीव रिषभ-धैवतावर, पूरियात गांधार-निषादावर. थिअरी म्हणून पाठ केलेली वादी-संवादीची जोडी खरी कुठे कामाला येते ते इथे कळतं.

---

इतवारीचा_पोट्टा | १३ जून, दुपारी ३:४०

मॅडम, तुम्ही परीक्षक होत्या तं तानपुरा बंद करत होत्या का? खरं सांगा.

---

कोमल_निषाद | १३ जून, संध्याकाळी ५:१०

सुरुवातीच्या काही वर्षांत करत होते. माझ्या गुरूंनी माझ्यावर तेच केलं होतं, म्हणून. मग एकदा एक मुलगा अगदी असाच अडकला आणि मी तानपुरा सुरू केल्याबरोबर त्याने सगळे स्वर धडाधड सांगितले, पुढचा आलापही गाऊन दाखवला. त्या दिवसापासून मी तानपुरा चालू ठेवते. सा टिकतो का ते तपासायचं असेल तर त्याचा प्रश्न वेगळा विचारते. दोन गोष्टी एका प्रश्नात मिसळल्या की मुलगा कुठे चुकला ते मलाच कळत नाही.

पण सगळे परीक्षक असे नाहीत, म्हणून तयारी दोन्हीची.

---

पांढरी_चार | १३ जून, संध्याकाळी ६:००

हे मान्य. माझी अर्धी बाजू परत घेते.

---

संत्राबर्फी | २७ जून, रात्री १०:०५

मधली हकीकत. पाऊस आला, कूलर उचलून गच्चीवर गेला, त्यामुळे तो प्रश्न निसर्गानेच सोडवला.

स्वयंभू गांधार तिला अकराव्या दिवशी ऐकू आला. मला अजून नाही. मी रोज शेजारी बसते, ती बोट वर करून दाखवते "आत्ता, आत्ता", आणि मला नुसतं झंऽऽ ऐकू येतं. बाबांना मात्र तिसऱ्याच दिवशी आला! विरोधी पक्ष आता पहाटे चहा करून देतो.

बाबाच "आ" मध्ये ओळी म्हणतात. फार बेसूर म्हणतात. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जे म्हटलं ते दोन पट्ट्यांच्या मध्ये होतं, त्याला नावच नाही." पण उत्तराआधी सा गुणगुणायची सवय लागलीय. जेवायला वाढताना हाक मारली तरी आधी "सा" म्हणते.

तिहाईदादा, पैज तुम्ही जिंकलात. तिगुन अडली. आता जमते, दहापैकी सात वेळा.

---

संत्राबर्फी | १६ जुलै, संध्याकाळी ७:३०

चाचणी झाली आज. लगेच लिहितेय.

इथे तानपुरा चालूच होता. एक बाई परीक्षक होत्या, एक सर. सरांनी पहिलीच ओळ पेटीच्या कुठल्यातरी पट्टीवर वाजवली, तानपुऱ्याशी न जुळणारी. ही गोंधळली. मग हिने विचारलं, "सर, यात सा कुठला धरू?" ते म्हणाले, "चांगलं विचारलंस," आणि सा वाजवून दिला. पाचपैकी चार ओळींचे स्वर बरोबर आले. ताल रूपकच आला, मधून सुरू केलेला, ओळखला. राग विचारला नाही आणि हिने सांगितला नाही.

मग बाईंनी भूप गायला सांगितला आणि मागोमाग देशकार. तिथे गडबड झाली. धैवतावर सुरू केलं बरोबर, पण दोन आवर्तनांत गांधारावर येऊन बसली. बाई म्हणाल्या, "आता भूपात आलीस हं." एवढंच.

निकाल पुढच्या आठवड्यात.

---

इतवारीचा_पोट्टा | १६ जुलै, संध्याकाळी ७:३३

"सा कुठला धरू" हे इचारता येते, हेच मले माहीत नोतं. काकू, पोट्टी तयार हाये.

---

संत्राबर्फी | २४ जुलै, सकाळी ११:२०

यादीत नाव आहे! सतरावं. सगळ्यांचे खूप खूप आभार, कोराडीवाल्या काकांचे दोनदा.

---

कोराडीवाला | २४ जुलै, सकाळी ११:५०

अभिनंदन. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, आता भजनी मंडळाचा कूलरही बंद करा.

---

कोमल_निषाद | २४ जुलै, दुपारी १२:३०

मनापासून आनंद झाला. मुलीला शाबासकी सांगा. आणि देशकाराचं काय करताय?

---

संत्राबर्फी | २४ जुलै, दुपारी १:१५

तेच चालू आहे, पहाटे साडेपाचला. धैवतावर थांबायचं, गांधारावर टेकायचं नाही, रोज तेच.

आज सकाळी शेजारच्या काकूंनी दूध आणताना विचारलं, "तुमची पोरगी सकाळी सकाळी भूप काऊन गाऊन राहिली?"